‘वाढवणे’ या शब्दाची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शब्दकोशाच्या कचेरीतून निवृत्त झालेली संपादिका, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. टंकलेखकांवर माझा विश्वास नाही.

वस्तुस्थिती क्रमाने अशी. एक : माझे धाकटे दीर एकोणीस वर्षांपूर्वी वारले. दोन : माझे यजमान अकरा वर्षांपूर्वी. तीन : मला एक मुलगा व एक सून आहे. चार : याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझी धाकटी जाऊ राहते. पाच : एकोणीस वर्षांत ती माझ्याशी बोललेली नाही. नळ एक, अंगण एक, निरोप सुनेमार्फत.

घराचा पुढचा भाग मुलाला. मागच्या दोन खोल्या जावेच्या एकटीच्या मालकीच्या. “काकू तशीही राहतेच आहे की,” असे मुलाने म्हणू नये. राहणे आणि मालकी असणे यांतला फरक मी त्याला पाचवीत समजावला होता.

निरोपसमारंभात मिळालेल्या चांदीच्या ताटावर ‘आशिर्वाद’ असा ऱ्हस्व ‘शि’ कोरलेला आहे. ते वितळवावे. शब्दकोशाच्या कचेरीतल्या तीस माणसांनी ते पाहून दिले, याबद्दल मी कोणालाही क्षमा केलेली नाही.

भिंग आणि कोशाचे सर्व खंड सुनेला. कारण नोंदवणे भाग आहे.

दीर गेले त्या सकाळी बायका जमल्या होत्या. रीतीप्रमाणे मी सुनेला म्हटले, “काकूंच्या बांगड्या वाढव.” तिच्या लग्नाला तीन महिने झालेले, शिक्षण सगळे परभाषेत. बांगडी फुटली म्हणणे अशुभ, म्हणून आपण ‘वाढली’ म्हणतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. हळदीकुंकवासाठी कासारणीकडून घेतलेल्या हिरव्या बांगड्या पेटीत उरल्या होत्या. त्या आणून तिने जावेच्या हातांत सहा-सहा भरल्या. जाऊ निमूट हात पुढे करून बसली होती.

“अगं अक्कलशून्य, वाढव म्हणजे फोड!” टाळायचा तोच शब्द मी चाळीस बायकांदेखत उच्चारला. मग जावेचे हात मीच उंबऱ्यावर आपटले. डाव्या मनगटात काच घुसली, तीन टाके पडले. जाऊ एवढेच म्हणाली, “ताई, पोरीनं बरोबर ऐकलं होतं.” ते शेवटचे.

पुढेही दरवर्षी आमच्याकडे हळदीकुंकू झाले : यजमान असेतो माझे, नंतर सुनेचे. कासारणीने शेजारणींचे हात भरले. मागची खिडकी त्या दिवशी बंद असे. विधवेला बोलावत नाहीत, म्हणून मी बोलावले नाही. नियम माझ्या बाजूने होता.

यजमान गेले तेव्हा बायका माझ्याकडे वळल्या. जाऊ मध्ये उभी राहिली. “ताईंच्या हाताला कुणी हात लावायचा नाही. वाढव म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर सूनबाईला विचारा.”

“आता हिनं शिकवायचं आपल्याला!” एक म्हातारी पुटपुटली.

“नाही हो, ताईंनीच शिकवलंय सगळं.”

माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. अकरा वर्षे मी तिच्या शब्दावर बांगड्या घालते आहे. आभार मानलेले नाहीत. कोशात ‘वाढवणे’ची नोंद माझीच आहे : पहिला अर्थ अधिक करणे, सातवा बांगडी फोडणे. दीर गेले त्या दिवशी मला सातवाच तेवढा खरा वाटला.

डॉक्टरीणबाईंच्या मते यंदाचा सण मला दिसेल, पुढचा नाही. सबब, येत्या हळदीकुंकवाला कासारणीने पहिले हात जावेचे भरावेत. मेलेल्या माणसाला नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून हे एक कलम माझ्या हयातीतच अमलात यावे. माझ्यामागे माझ्या बांगड्या जावेने उतरवाव्यात, फोडू नयेत. ती नाही म्हणाली, तरी खोल्या तिच्याच.

स्थळ : पुढची खोली. दिनांक : हळदीकुंकवाआधीचा नववा दिवस.
(सही) लिहून देणार
(सही) साक्षीदार : डॉक्टरीणबाई
(सही) साक्षीदार : समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. वाचून, दोनदा चष्मा पुसून.

प्रत : धाकट्या जाऊबाईंस, सुनेच्या हस्ते. नकार असल्यास ‘नाही’ एवढेच लिहावे, कारण देऊ नये. होकार असल्यास बांगडीचे माप लिहावे. एकोणीस वर्षांपूर्वीचे मला पाठ आहे. आजचे ठाऊक नाही, आणि अंदाजाने लिहिलेले मी कधी छापू दिलेले नाही. उत्तर चार दिवसांत द्यावे. लेखी.