हळदीच्या पाण्याची दुसरी ओळ

ठाणाकुशनूर, पौष वद्य पंचमी, शके १८५८

वडीलबंधूंच्या ठिकाणी असलेले श्रीपतअण्णा यांस, औराद मुक्कामी, गुंडेरावाचा नमस्कार. आपली प्रकृती ठीक असावी व आईंचे गुडघे थंडीत फार दुखत नसावेत. इकडचे क्षेमही लिहावे अशी रीत आहे, म्हणून लिहितो की म्हैस बरी आहे.

आपली बहीण कला जाऊन चार महिने झाले. तिने लावलेली हळद मळ्यात उभी आहे, तेवढी तरी नीट निघावी एवढेच आता माझ्या मनात आहे. (बाकीचे पीक माझ्या हातचे असल्याने त्याची चिंता करण्यासारखे काही उरलेले नाही.) पाऊस होता तोवर निभले. मग मोट जुंपायची वेळ आली, तेव्हा आपला मोटकरी पिराजी म्हणाला की दुःखाच्या घरी वर्षभर मोटेवर गाणे म्हणत नाहीत. बाईच्या माहेरच्या माणसाने येऊन परवानगी दिली तरच. मी म्हटले, बरे, न गाता हाक. परंतु हे बैलांना कोणी कळवले नव्हते. आपण पाहिलेच आहे, पिराजी विहिरीवरून पहिली ओळ म्हणे आणि कला वाफ्यात पाणी धरता धरता दुसरी. पहिल्या ओळीवर बैल उताराने खाली जात, दुसरी कानावर आली की मागे फिरत. त्या दिवशी पिराजीने त्यांना कसेबसे खाली नेले, आणि ते हळदीकडे कान करून उभेच राहिले. मोट वर, बैल खाली, पिराजी गप्प, आणि मी तर आधीपासूनच गप्प.

दुसऱ्या दिवशी वाटले, गाणे नको तर दुसरे काही म्हणावे. मला शाळेत शिकवले तेवढेच येते. उर्दूचा धडा म्हटला. बैलांनी शेण टाकले. पिराजी म्हणाला, "मालक, त्येंला सरकारी भाषा येत न्हाई." मग मराठी पाढे काढले. सातच्या पाढ्यावर बैल निमूट खाली गेले, पण मागे फिरायला उत्तर वाफ्यातून यायला हवे होते. तेव्हा अर्धा पाढा विहिरीवर आणि उरलेला पळत जाऊन हळदीत, असा मी दुपारपर्यंत एकोणतीसपर्यंत पोचलो. (हा पाढा मला मास्तरांच्या छडीखालीही आला नव्हता.) एकोणतीस पाचाशी अडखळलो आणि तेच ते पुन्हा म्हणत राहिलो. बैलांची तक्रार नव्हती. वाफा किती भरला हे कला टाचेने ओळखायची, टाच बुडाली की पुरे. माझ्या टाचेला काही समजत नाही. डोळे मिटून पाढा आठवत असताना पाण्याने बांध फोडला आणि ते शेजारच्या गुरप्पाच्या हरभऱ्यात शिरले.

गुरप्पा आला. "गुंडेराव, फुलातल्या हरभऱ्याला कामून पाणी पाजायलाव? त्यानं मागितलं व्हय?" त्याने माझ्याकडे पाहिले, स्वतःच फावडे घेतले आणि बांध बुजवला. जाताना एवढेच म्हणाला, "कलाअक्का असती तर थेंब आला नसता." तो भांडला असता तर मला बरे वाटले असते.

तेव्हा आपण येत्या सोमवारच्या आत येऊन पिराजीला परवानगी द्यावी. हळदीची पाने रोज पिवळी पडत चालली आहेत आणि ते मला पाहवत नाही. अधिक लिहिण्यासारखे काही नाही. वर लिहिले तेही अधिकच झाले आहे.

आपला
गुंडेराव

ता. क. : परवानगी मिळाली तरी दुसरी ओळ कोण म्हणणार, हे लिहायचे राहिले. पिराजीची ओळ "पाण्या रे पाण्या, कुठं जायलास?" अशी आहे. त्यावर कला काय म्हणे, हे तो सांगू शकत नाही. चाकाच्या कुरकुरीत त्याला फक्त सूर ऐकू येई. मी चौदा वर्षे ओसरीवर कागद लिहीत बसून ते रोज ऐकले आणि मला एक शब्द आठवत नाही. गाणे मुळात आईंचे आहे. त्यांना विचारून ती ओळ लिहून पाठवावी.

ता. क. दुसरा : पत्राची घडी घालताना पिराजी आला. तो म्हणतो, पाने पिवळी पडली म्हणजे हळद पिकली, आता पाणी तोडायचे असते. मोट त्याने कालच सोडली आहे. तरी येण्याची तसदी घेऊ नये. ओळ मात्र पाठवावी.