न मागता उतरलेली किंमत

बिश्केक, ४ सप्टेंबर २००९

ति. सागीनदादास,
सलाम आणि सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कुरूतच्या, वाळवलेल्या दह्याच्या, गोळ्यांची पिशवी ट्रकवाल्याने काल पोचवली. पिशवी अर्धी होती. उरलेली त्याने घाटात चघळली असणार, पण तुला तिथे डोंगरावरून खाली बघायला दुर्बीण थोडीच दिलीय!

बातमी चांगली नाही. घरमालकाचा मुलगा लग्न करतोय, आम्हाला ऑक्टोबरअखेर जागा सोडायची आहे. तुझा मेव्हणा तालांत सैबेरियातल्या कामावरून हिवाळ्याआधी येत नाही, तेव्हा घर शोधायचं माझ्याच गळ्यात पडलं. आईचं नारीनचं घर विकून तू आणि मी ठेवलेले पैसे, त्यात तालांतने पाठवलेले, एवढ्यात काय बसतं ते बघत पंधरा दिवस हिंडतेय. दादा, सगळं गाव विकायला बसलंय आणि घेणारी मी एकटीच आहे की काय असं वाटतं. दलाल बायका मला रस्त्यात ओळखायला लागल्या आहेत.

एक घर आवडलं. तिसरा मजला, दोन खोल्या, दिवसभर ऊन, आपल्या पोरीची, जिबेकची, शाळा दोन गल्ल्यांवर. मालकिणीचं नाव कालीचा, सगळे आपा म्हणतात; भूगोल शिकवायच्या, आता एकट्या असतात. बत्तीस हजार डॉलर म्हणाल्या. दुसऱ्यांदा गेले तर चहा ओतता ओतता आपणहूनच तीस म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी नुसती कपाटाची मापं घ्यायला गेले होते, तर अठ्ठावीस. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! बाजारातली बाई टोमॅटोचा भाव आपणहून उतरवते तेव्हा मी टोमॅटो उलटून बघते. घर कसं उलटून बघू? मला भीती वाटते. काय करू ते सांग.

उत्तर येणाऱ्या ट्रकने धाड. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.
तुझी,
असीलकान

हवामान केंद्र, १८ सप्टेंबर

चि. असीलकान हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आणि माझा सोबती पोट धरून हसलो. किंमत वाढली तर भितेस, उतरली तरी भितेस! लहानपणी तू मेंढीला भ्यायचीस. अगं, मेंढीला भिणारी किर्गिझ पोर आख्ख्या नारीनमध्ये दुसरी नव्हती. आई तुला शेजाऱ्यांपासून लपवायची.

मंदी आहे, बाई, दुसरं काही नाही. आमच्या ट्रकवाल्याच्या मेव्हण्याचं घर दीड वर्ष पडून आहे, बघायलाही कोणी फिरकत नाही. म्हातारीला घाई असेल, मुलाकडे जायचं असेल. तरी तुझ्या समाधानासाठी नळ सोडून बघ, भिंतीवरचे गालिचे उचलून मागे बघ, तळमजल्यावर काय आहे ते बघ. सगळं ठीक असेल तर बयाणा देऊन मोकळी हो. गेल्या वर्षी दक्षिणेत भूकंपाने गाव गेलं, तेव्हापासून झुंबर हललं की तू जिबेकला घेऊन जिन्यात उभी राहतेस, असं तिनेच मला चिठ्ठी लिहून कळवलंय. असं करू नकोस, पोर घाबरट होईल.

इथे पहिला बर्फ पडून गेला. मी मजेत आहे. माझ्या वाटच्या पैशांची काळजी करू नकोस, आणि या थोरल्या भावाचं एकदा तरी ऐकलंस असं घडू दे.
तुझा,
सागीनबेक

बिश्केक, ३ ऑक्टोबर

ति. सागीनदादास,
सा. न. वि. वि.

ऐकलं तुझं. नळ सोडले, पाणी जोरात येतं. आतल्या खोलीतला गालिचा आपा चहा करत होत्या तेवढ्यात उचलून पाहिला, मागे स्वच्छ भिंत. तळमजल्यावर फर्निचरचं दुकान आहे, काय ऐसपैस! या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं, मधे एक भिंत नाही. तिथे एक कपाट मनात भरलंय. जिनाही नुकता रंगवलाय.

एकच राहिलं. मोठ्या खोलीच्या भिंतीवर आपांच्या लग्नातलं भरतकामाचं भलंमोठं कापड, तुश कियीझ, टांगलंय. त्यांच्या आईने लढाईच्या वर्षांत भरलेलं, कोपऱ्यातली एक वेल अर्धी सोडलेली. दादा, तूच सांग, कोणाच्या मेलेल्या आईचं भरतकाम उचकटून मागे डोकावायचं? तालांतची आई आपल्या आईच्या तुश कियीझला धुतलेल्या हातांशिवाय शिवत नसे. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. शेवटी नक्षीचं कौतुक केलं. आपांनी मान खाली घातली, मला वाटलं आईची आठवण झाली असेल.

बयाणा दिला. पुढच्या रविवारी जुमाश मामांना घेऊन जाणार आहे. रीतीप्रमाणे आपा आम्हाला या घरासाठी दुआ देतील, मग सोमवारी कागद. किंमत परत उतरली, सव्वीस. त्या रात्री मला झोप लागली नाही. तू हसशील, खुशाल हस.

तुझ्या हसण्यावरच माझा धीर आहे, तेव्हा ते चालू ठेव.
असीलकान

बिश्केक, १२ ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल आम्ही गेलो. आपांनी कणकेचे बोरसोक तळले होते, जर्दाळूचा मुरंबा होता. मामांनी पोटभर खाल्लं आणि आपांना म्हणाले, की आता तुम्हीच दुआ द्या, या घरात पोर मोठी होऊ दे, म्हातारी होऊ दे. आम्ही सगळ्यांनी तळवे वर केले. आपांनीही केले. आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. आम्ही तसेच हात पसरून बसलो. मामा खाकरले. जिबेक माझ्याकडे बघायला लागली. 

मग त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि तुश कियीझ एकेका खिळ्यावरून काढायला लागल्या. मामा नको नको म्हणत राहिले. मागे भिंत वरपासून खालपर्यंत फाटलेली होती, दादा. माझी चार बोटं आत गेली. पलीकडून गार हवा लागली.

आपा खाली बसून सांगायला लागल्या. दुकानवाल्याने तळमजल्यावरची भार पेलणारी भिंत पाडली. पाडण्याआधी सगळ्या मजल्यांच्या सह्या घेतल्या, बदल्यात जिना रंगवून दिला. त्यांच्या नवऱ्याने सही केली आणि वर्षात तो गेला. मुलगा तोकमोकहून फोनवर बजावत होता, की बोलू नकोस, कापड काढू नकोस, किंमत उतरवत जा. त्या म्हणाल्या, की गप्प बसणं मला जमलं, अल्लासमोर हात पसरून लेकराच्या नावाने खोटं बोलणं नाही जमलं. बयाणा तिथल्या तिथे परत दिला. तो फडताळातच ठेवला होता, एक नोट मोडली नव्हती.

रागावायचं सोडून मी त्यांना धरून रडले. आणि भीती अशी वाटली, की जिबेकला उचलून जिने उतरले. ती नऊ वर्षांची आहे, मला जड होते.

आता घर नाही, हातात एकोणीस दिवस आहेत. दादा, मी काय करू?
असीलकान

हवामान केंद्र, २१ ऑक्टोबर

चि. असीलकान हिस आशीर्वाद.

हसणार नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. देऊन टाक बयाणा, असं मीच लिहिलं होतं. तू माझं ऐकलंसही, आणि म्हातारी जरा निगरगट्ट असती, तर मी इथे वाऱ्याचे आकडे लिहीत बसलो असतो आणि तुम्ही दोघी त्या भिंतीखाली झोपला असता. माझं डोकं चालत नाहीये.

मजले नकोत. शहराबाहेरच्या नव्या वस्तीत कच्च्या विटांचं, एकमजली, कसलंही घर घे. नळ नसला तरी चालेल. माझा वाटा सगळा घाल, मला विचारत बसू नकोस. आणि यापुढे तुला भीती वाटली की ती मला लिहीत जा.
तुझा दादा

बिश्केक, १६ नोव्हेंबर

ति. सागीनदादास,
सा. न. वि. वि.

घर घेतलं. दोन खोल्या, कोळशाची चूल, पाणी कोपऱ्यावरच्या पंपावरून. शाळेला दोन बस बदलाव्या लागतात, जिबेक फुगून बसलीय. पण बिछान्यातून दारापर्यंत पाच पावलं आणि लगेच अंगण. मी रोज मोजते.

परवा आपांना भेटायला गेले, तर दारात सामानाचा टेम्पो. एर्मेक आणि कानीशाय, तरुण जोडी, तिला सातवा महिना. माझं काळीज लक्‌कन हललं. मी त्या पोराला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, की माहीत आहे, आपांनी चहाच्या आधी भिंतच दाखवली. म्हणून तर अर्ध्या किमतीत मिळालं. चार वर्षं आम्ही बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपतोय, तुम्हीच या पैशांत दुसरं घर दाखवा, आत्ता सामान परत फिरवतो.

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मंदीतसुद्धा नव्हतं.

आपा मुलाकडे जायला निघाल्या होत्या, माझ्या नजरेला नजर देईनात. खाली शेगडी पडली होती. कानीशायला उचलू देणं बरं नव्हे, म्हणून दुसरी बाजू मी धरली. तीन मजले चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून मी भिंतीकडे बघत होते, एर्मेकला वाटलं ओझ्याने दमले.

कानीशायला मी सांगून आलेय, की बाळंत झालीस की बाळाला घेऊन माझ्याकडे ये, चाळीस दिवस माझ्याकडेच राहा, कोळसा भरून ठेवते. ती लाजली, येते म्हणाली. दादा, चाळीस दिवसांनंतर काय, ते मला सुचत नाही.

तू लिहिलंस म्हणून भीती कळवली. वाचून झाल्यावर बर्फात एकटा उभा राहू नकोस, आणि आम्हा दोघींवर माया आहे तशीच असू दे.
तुझी,
असीलकान