सत्कारातला चमचा

सरावली, बोईसर
रविवार दुपार

प्रिय कमलेश,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर पडू देत. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडून बघत नाहीस, आणि राजकोटला येऊन तुझ्या दारात उभी राहायची मला हौस नाही. म्हणून पोस्टानं लिहितेय. ज्या घरातले बापलेक जपानच्या माणसाला बिनतारी हवामान सांगायचे, त्या घरात सख्ख्या भावाला पत्र घालावं लागतं, यावर काय बोलायचं ते तूच बोल.

आधी तमाशाची हकीकत सांगते. मागच्या रविवारी आपल्या हॅम रेडिओ क्लबचा फील्ड डे झाला, एडवणच्या किनाऱ्यावर, त्याच सुरूच्या झाडांत. तुझ्या वेळी काय असायचं? दोन सुरूंना बांधलेली एक तार, एक बॅटरी, एक सेट, आणि डब्यात सुकटीची चटणी. वादळात मोबाइलचे टॉवर झोपले तर माणसांचा आवाज बाहेर कसा पोचवायचा, त्याची तालीम. यंदाच्या तालमीला मांडव होता रे! गाद्यांच्या खुर्च्या, फुलांची कमान, सेल्फी काढायला चौकट आणि केटररचा पनीर मसाला. एडवणला, जिथे सकाळी होडीवरून उतरलेली मासळी, आपलं मावरं, दारात येतं, तिथे पनीर! आणि या सगळ्याला वीज द्यायला जनरेटर. तो असा बोंबलत होता की सेटमध्ये खरखरीशिवाय काही ऐकूच येईना. वादळाची तालीम करायला गेले आणि वादळ सोबत घेऊन गेले.

अध्यक्ष आता धीरज सर आहेत. तू नाही ओळखत. परवाना मिळाला गेल्या वर्षी आणि त्याच आठवड्यात पाठीवर आपलं हवेतलं नाव, कॉलसाइन, छापलेलं जाकीट शिवून आणलं. त्या जाकिटात दुपारी बारा वाजता वाळूत घाम गाळत फिरत होते. किती स्टेशनांशी बोललो त्याचा आकडा वाढवायचा म्हणून यांनी काय केलं असेल? एक सेट मांडवात ठेवला, दुसरा पार्किंगमध्ये गाडीच्या बोनेटवर, आणि आळीपाळीनं एकमेकांना हाका मारत बसले. "कसं ऐकू येतंय?" "एकदम क्लिअर!" अरे, न येऊन सांगतो कुणाला? मधे एक नारळाचं झाड होतं फक्त. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दिवसभर सगळे बोलतायत, ऐकायला एक माणूस बसलेला नाही.

एक माणूस बसला होता, म्हणा. बाबा.

हो, बाबा गेले होते. आई गेली त्या दिवसानंतर त्यांनी फील्ड डेला पाऊल टाकलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. माहीत असूनही तू त्यांना माफ केलं नाहीस. त्या दिवशी मी आणि तू हॉस्पिटलातून फोन लावत राहिलो आणि ते याच किनाऱ्यावर मोबाइल बंद करून कानाला हेडफोन लावून बसले होते. चुकलंच त्यांचं. पण तू तेराव्याला भरल्या घरात जे बोललास, की जगभराच्या हाका ऐकता आणि घरची हाक ऐकली नाहीत, ते ऐकून हा माणूस आतून वाळला रे. तू बॅग उचलून गेलास. त्यांनी सेट माळ्यावर टाकला. दोघांनाही वाटलं, आपण फार मोठी शिक्षा भोगतोय. भांडी घासायला, औषधं आणायला आणि पाहुण्यांना उत्तरं द्यायला मी होतेच.

धीरज सर दोनदा पेढे घेऊन घरी आले, संस्थापकांचा सत्कार करायचाय म्हणाले. बाबांनी दोन्ही वेळा "नाय" म्हणून पेढे परत दिले. मग एक दिवस आपणहूनच म्हणाले, "यंदा जाऊ." जानेवारीचा शेवटचा रविवार म्हणजे आईचा दिवस. का जायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या घरात विचारून कुणाला काय मिळालंय?

तिथे त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि विसरून गेले. चहा दिला, तो निम्मा बशीत सांडला. जेवणाची वेळ झाली तसे सगळे पनीरवर तुटून पडले आणि कुणीतरी जनरेटर बंद केला. त्या शांततेत बाबा उठले, मांडवातल्या बॅटरीवरच्या सेटपाशी बसले, हेडफोन घातला आणि हळूहळू आपल्या नेहमीच्या जागेवर, त्याच फ्रिक्वेन्सीवर काटा आणला. मी ताट घेऊन शेजारी उभी. थोड्या वेळानं बघते तर टेबलावर बोट वाजतंय, लहानपणी आपल्याला मोर्सचे ठिपके-रेघा शिकवताना स्टीलच्या ताटलीवर वाजवायचे तसं. त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली.

तू होतास. मला मोर्स अर्धामुर्धाच येतो, पण तुझा ठोकायचा हात मी झोपेतही ओळखेन. शेवटच्या अक्षराची रेघ तू ओढतोस, गाणं संपलं तरी सूर न सोडणाऱ्या गवयासारखी. कोणी आहे का, कोणी आहे का, अशी सगळ्या जगाला घालतात ती हाक तू घालत होतास. जगाला! कमलेश, बाबांच्या जागेवर, आईच्या दिवशी, फील्ड डेच्या दुपारी तू जगाला हाक मारत होतास म्हणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि मग एकदाच, अगदी एकदाच, बाबांची कॉलसाइन ठोकलीस.

बाबा ताडकन उभे राहिले. "की कुठं हाय? मोर्सची की आणा कोनतरी!" सबंध रेडिओ क्लबात एक की नव्हती. कमान आणली, चौकट आणली, आणि की नाही! धीरज सर हातात गुलाबजामची वाटी घेऊन आले आणि म्हणाले, "काका, आता ते कोण वापरतं? माईक आहे ना." बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता माईक समुद्रात जाणार. मग मला म्हणाले, "पोरी, दोन चमचे आन." दोन चमचे तारांना जोडून एकमेकांवर टेकवले की झाली की. मी केटररकडून चमचे ओढून आणले. एक तार बांधून झाली होती. दुसरी बांधत होते.

तेवढ्यात निवेदन करणाऱ्या हेतलनं मोठ्यानं पुकारलं, "आयुष्यभर ज्यांनी ऐकण्याचं व्रत घेतलं, अशा आपल्या आदरणीय काकांना मी विनंती करते..." आणि व्रत घेतलेल्या त्या माणसाच्या कानावरून धीरज सरांनी स्वतःच्या हातानं हेडफोन काढला. दोघांनी काखेत हात घालून बाबांना उचललं. मी ओरडले, थांबा म्हणाले, धीरज सर हसून म्हणाले, "ताई, दोनच मिनिटं." जनरेटर पुन्हा सुरू झाला, स्पीकर लावायचा होता ना. शाल घातली. नारळ हातात दिला, तो बाबांच्या हातातून निसटून वाळूत पडला, तर हेतल म्हणाली, "काका भावुक झालेत." टाळ्या. तो फोटो ग्रुपवर आलाय. अंगावर शाल, पायाशी नारळ, आणि मुठीत घट्ट धरलेला केटररचा चमचा. खाली अंगठ्यांची रांग. मूर्ख लेकाचे.

परत सेटपाशी पोचलो तेव्हा तू गेला होतास.

परतताना रिक्षात मी म्हटलं, कमलेशला दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावते, तर म्हणाले, "फोन नको. ज्यानं ऐकलं त्यानं कार्ड धाडायचं असतं, हा आमचा रिवाज हाय." घरी येऊन कार्ड लिहायला बसले. अक्षर लागेना, फाडलं. दुसरं फाडलं. मग माझ्यापुढे पेन सरकवून उठून गेले. तेव्हा हे घे तुझं कार्ड: तुझी हाक पोचली. स्वच्छ ऐकू आली.

पण खरं लिहायचंय ते पुढेच. बाबांनी माळ्यावरून सेट काढलाय. की पॉलिश पेपरनं घासलीय. रोज संध्याकाळी चहानंतर आपल्या जागेवर बसून तुझी कॉलसाइन ठोकतात, अंधार पडेपर्यंत. उत्तर येत नाही. त्यांना वाटतं तू रागावलास, कारण त्या दिवशीही तुला उत्तर मिळालं नाही. मला वेगळंच वाटतं. कमलेश, त्यांना कंपवात झालाय. तो नारळ उगाच पडला नव्हता. एका ठिपक्याचे तीन होतात, रेघ मधेच तुटते, तुझी कॉलसाइन पुरी होतच नाही. तुम्ही लोक हातावरून माणूस ओळखता म्हणे. हा हात तू कधी ऐकलेलाच नाहीस. रोज संध्याकाळी त्या जागेवर कुणी नवशिका चुकत, अडखळत तेच तेच ठोकत बसलेला तुला ऐकू आला असेल आणि तू वैतागून काटा पुढे सरकवला असशील. तो नवशिका बाबा आहेत. पुढे जाऊ नकोस.

तुझीच,
ताई