जनाच्या घरामागची पोलादी होडी

८ सप्टेंबर, सोमवार
जनाने आज परत तो कागद पुढे केला. गाळ्यात, चहा चालू असताना. मी लिहून द्यायचं की होडी आमच्या तुर्भ्याच्या गाळ्यात बांधली, वेल्डिंग माझ्या हातचं. तेवढं झालं की अलिबागची पार्टी दसऱ्याला होडी उचलणार. होडीखालची खाडीकाठची जागा जनाला बिल्डरला द्यायची आहे, त्याआधी ती मोकळी हवी.
विचारलं, "बांधली कुणी खरं?"
"अरं शंकर, जुनं लोखंड हाय. कोन इचारतंय?"
"मी विचारतोय."
हसला. पितृपक्ष लागलाय, आत्ता सही नको, असं सांगून वेळ मारून नेली. त्यालाही ते पटलं. इतक्या वर्षांच्या भागीत जनाने माझ्याकडून खोटं काही लिहून घेतलेलं नाही. आताच का?

९ सप्टें., मंगळवार
काम सुटल्यावर जनाच्या घरामागे गेलो. होडी निळ्या ताडपत्रीखाली आहे. कायम तिथेच, म्हणून कधी नीट पाहिलीच नव्हती. आमच्या खटावाकडे होडी फक्त पुस्तकात. पण इथे इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं की इकडच्या होड्या लाकडाच्या, नाहीतर फायबरच्या. ही पुरी पोलादी. डोलकाठी बाजूला आडवी पडलेली, शिडाचा पत्ता नाही.
मागच्या बाजूला, जिथे नाव असतं, तिथे ग्राइंडर फिरवलाय. रंगाखाली डिस्कचे वळ हाताला लागतात. खोल आहेत. घाईत नाहीतर रागात मारलेले. गाडीचा नंबर असा घासलेला दिसला तर आपण काय म्हणू?

११ सप्टें., गुरुवार
मागे जना म्हणाला होता, होडी एका सायबाची, तो परदेशात गेला. आज म्हणतो, वडिलांनी लिलावात घेतली. "साहेबाचं काय झालं मग?" तर, "त्याच सायबाचा लिलाव." आणि स्वतःच हसला. मी नाही हसलो.
रात्री जेवताना सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, स्मगलिंगची असेल. सही तुमची, मग पोलीस कुणाकडे येतील? जनाभावजींकडे?"
झोप नीट नाही.

१३ सप्टें., शनिवार
उपास. मारुतीला जाऊन आलो. मागणं एकच, मन साफ राहू दे. देवळातून थेट ग्राइंडर घेऊन होडीकडे. जनाला सांगितलं, पत्र्याची जाडी बघायचीय. देवापुढून उठून लगेच खोटं बोललो, याची नोंद असावी.
मागचा रंग काढला. थरावर थर. खाली कोरं पोलाद, अक्षर एकही नाही. तसंच उघडं ठेवून आलो.

१४ सप्टें., रविवार
सकाळी लवकर गेलो. खाडीच्या खाऱ्या दमट हवेने रात्रीत गंज धरला होता. मूळ पत्र्यावर एक रंग, वेल्डिंगचा धातू भरलेला तिथे दुसरा. नाव वेल्डिंगच्या रेघांनी काढलेलं होतं, मग घासून सपाट केलेलं. डोळ्याला दिसत नव्हतं ते गंजाने दाखवलं.
बायजा.
मराठी अक्षरं. म्हणजे साहेब, परदेश, सगळं झूट.
जना ओसरीवरून बघत होता. जवळ आला नाही.

१६ सप्टें., मंगळवार
अर्धा दिवस रजा. उरणकडे दोन धक्क्यांवर विचारलं, बायजा नावाची लोखंडी होडी कुणाची चोरीला गेलेली का. जाळं विणत बसलेला एक म्हातारा खो खो हसला. "लोखंडाची होरी? घाटावरचं दिसतंस रं. आमच्याकरं पान्यान लाकूर टाकतान, बाबा. लोखंड बुरतं." शेजारचे चार जण हसले. मलाही हसू आलं. पण चोरीचं कुणाला काही माहीत नाही.

१७ सप्टें., बुधवार
सु.ला म्हटलं, ही बायजा कोण सापडत नाही. ती पोळी लाटायची थांबली.
"अहो, वहिनींचं नाव आहे ते. जनाभावजींच्या."
मला ठाऊकच नव्हतं! वहिनी म्हणजे जनाच्या थोरल्या भावाची, हसुरामदादाची बायको. इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवतोय, पण वहिनीच्या पुढे नाव असतं हे डोक्यातच आलं नाही. आणि मी उरणला जाऊन विचारत बसलो.
हसुरामदादाला मी पाहिलेलं नाही. माझ्या येण्याआधी समुद्रात गेला, देह मिळाला नाही, शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळला, एवढंच ऐकून आहे. जनाने सांगितलं होतं, कुणाच्या तरी मासेमारीच्या बोटीवरून गेला. या होडीचं नाव कधी काढलं नाही.
म्हणजे चोरी नाही. मग लपवायचं काय? भावाला काही केलं का याने? असा विचार लिहितानाही लाज वाटते. पण आला.

१८ सप्टें., गुरुवार
बॅटरी घेऊन होडीत उतरलो. वेल्डिंग सुंदर, शिकलेल्या हाताचं. पण शिवणी उलट्या. आम्ही डावीकडून उजवीकडे येतो, याच्या सगळ्या उजवीकडून डावीकडे. डावखुरा माणूस.
तळाशी पुढे एक ठिगळ आहे, मूळ पत्र्यापेक्षा नवं. शिवण तशीच उलटी, हात तोच. त्यावरचा गंज पुसला आणि खालीच बसलो.
त्रिशूळ. माझा.
दर खंडेनवमीला मी एका प्लेटवर पंचने त्रिशूळ उठवतो आणि गाळ्यात पूजेला लावतो. ती प्लेट कामाला वापरत नाही. गाळा सुरू झाल्यावर दोन-चार वर्षांनी एकदा ती नाहीशी झाली. जना म्हणाला होता, भंगारवाल्याने नेली असंल. मला फार लागलं होतं तेव्हा.
गाळा सुरू झाला तो हसुरामदादाचा पुतळा जाळल्यानंतर. मग हे ठिगळ त्याच्या हाताने मारलं कधी?

२१ सप्टें., रविवार. सर्वपित्री
जनाकडे जेवायला. पंगत उठल्यावर वहिनी एक पान वाढून मागे गेल्या. होडीवर ठेवलं. मी मागोमाग गेलो.
"वहिनी, दादा डावरे होते का हो?"
पदर सारखा केला. "डाव्या हातानं घास घेवाचे. सासू लय ओरडाची."
"होडी त्यांनीच बांधली?"
"दारूखान्याचे बंदरान जुनी जहाजा तोराला जावाचे. तिथलंच पत्रं. गाव हसला. पन तरली ना." मग खाडीकडे बघून, "ते गेले, न ही रिकामीच आली. दर साली हीच्यावर पान ठेवतंय. एका साली सांजला बघाला आली तं पान धुवून पालथा ठेवलेला. कावला पान धुतो का, भावजी?"
मी विचारलं,
"तुम्ही बघायला नाही गेलात?"
"कशी जाऊ? कपालाला काय लावून जाऊ? दोन दिस आतून ठोकाठोक आयकली, मंग बंद झाली."
निघताना एवढंच म्हणाल्या, "तुमी बांधली असा लिवलाव, तं त्यांनी जलमाला येवून काय केला?"

२३ सप्टें., मंगळवार
काल घट बसले. जनाशी कामापुरतंच बोलणं. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. दोघांना कळलंय की दुसऱ्याला काहीतरी कळलंय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
मशिनी धुतल्या, झेंडू घातले. नव्या प्लेटवर त्रिशूळ उठवला. जना कागद आणि पेन घेऊन आला. मी म्हटलं, "ती हरवलेली प्लेट सापडली रे. होडीच्या तळाला."
तो वेल्डिंग मशिनच्या पेटीवर बसला.
"दादा परत आलता. घरान नाय घेतला त्याला. आये जिती व्हती. बोलली, ज्याला आपुन जालला त्याला उंबरा नाय. उलटून येल तो मानूस नसतो."
"तू काय म्हणालास?"
"मी प्लेट दिली. पूजेची हाय म्हनून तीच दिली. भाईर जानार, तं निदान..."
"आणि नाव?"
"आयेनं घासाला लावला. तो गेल्यावर."
"होडी इथेच आहे, जना. मग गेला कसा? कुठे?"
"पॅच मारला, न पहाटं नव्हता. देवीची आन."
शपथ देवीची, तरी माझं मन धरेना. एवढी डागडुजी करून माणूस होडी टाकून पायी जातो? की त्याला जायला लावलं? की तो कुठे आहे हे जनाला ठाऊक आहे? डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पाण्यावरूनही काही ठरवता येत नाही.
त्याचा कागद बाजूला ठेवून मी दुसरा लिहिला. बांधणारा हसुराम. दुरुस्ती, हसुराम. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. तू तुझी कर, म्हटलं.
"हा दिला तं पोरं इचारतील, गाव इचारंल. वयनी इचारंल."
"वहिनींना ठाऊक आहे."
त्याने मान वर केली. हे मात्र त्याला माहीत नव्हतं, तेवढं पक्कं.
जाताना म्हणाला, "माझ्या कागदावर सही नसंल तं भागी पन नाय, शंकर." पण माझा कागद घडी करून खिशात घालून गेला.

२ ऑक्टो., गुरुवार. दसरा
जना येणार नाही असं धरून चाललो होतो. संध्याकाळी नेरूळला घरी आला. सोनं दिलं, गळाभेट घेतली. सु.ने पेढा दिला, उभ्यानेच खाल्ला. पार्टीचं विचारलं तर म्हणाला, "रविवारी ये म्हनलंय." कुठल्या कागदावर, ते बोलला नाही. दारात वळून माझ्या हातावर आपट्याचं आणखी एक पान ठेवलं. कुणाचं, विचारलं नाही. सांगितलंही नाही.
ते पान घेऊन होडीवर गेलो. उजेड होता अजून. मागच्या बाजूला कुणीतरी रेड ऑक्साइड मारलंय. जवळ गेलो तर अक्षरं तशीच होती. रंग त्यांच्या भोवतीने, सांभाळून लावलेला. बायजा, उघडं. बोट लावलं, रंग ओला.
ब्रश उजवीकडून डावीकडे गेलाय का, बघायला वाकलो. मग सरळ झालो. नाही बघितलं.
पान होडीवर ठेवलं, वर दगड ठेवला, आणि घरी आलो.