आधी हलवायचं, मग पुसायचं

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥
डोंबिवली, १ जून

चि. समीक्षास,
शालनकाकूचे अ. उ. आशीर्वाद.

तू दिलेला लॅपटॉप घेऊन बसते, पण चित्त थाऱ्यावर नाही. सोमवारी नौपाड्याच्या कीर्तन-संग्रहालयात परीक्षा. दहावीनंतरची माझी पहिलीच! जमलं तर घराबाहेरचं पहिलं काम मिळेल. रेकॉर्डिंगच्या फायली लावायच्या, तेही माउसशिवाय, सगळं टाइप करून.

काल mkdir लिहून फोल्डर केला. नाव सुचलं ते दिलं, ganpati. आत modak, durva अशा फायली. आता तू म्हणतेस rm -r लिहून पुसा. बोटच उचलेना गं! लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून जपणारी मी. तुझे काका म्हणतात, ती नुसती अक्षरं आहेत. पत्रिकेवर तरी दुसरं काय असतं?

उपाय पत्रानेच कळव. फोनवरचं कानात राहत नाही, कागद समोर ठेवता येतो. लोभ आहेच, धीरही दे.
शालनकाकू

कोलशेत, ३ जून

ती. शालनकाकूंस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आई आणि मी खूप हसलो. पण काकू, परीक्षेत पुसायला सांगतातच. तिथे थबकलात तर काम गेलं! सरावाला bhendi नाव द्या की. आई म्हणते, तुम्ही भेंडीलाही नमस्कार कराल.

एक मात्र खरं, rm ने गेलेलं परत येत नाही. फक्त जागा बदलायची असेल तर mv, म्हणजे हलवा. घाबरू नका, रागवा हवं तर.
तुमची समीक्षा

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥
डोंबिवली, ९ जून

चि. समीक्षास अ. उ. आशीर्वाद.

तुझं ‘हलवा’ वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. उत्तरपूजेनंतर आपण मूर्ती जागची किंचित हलवतो, मगच विसर्जन. अक्षता वाहिल्या, mv केलं, मग rm. बोट उचललं. एक अक्षत कीबोर्डात अडकलीय, ओरडू नकोस.

काल परीक्षेत पुसायला फोल्डर आला तो haripath नावाचा! बाकीचे पटापट पुसून उठून गेलेसुद्धा. मी आधी हलवला, हात जोडले, मग पुसला. तिथल्या प्रमुख वैशालीताई मागेच उभ्या. हे जास्तीचं कशाला, म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, गेलं आता काम.

त्या म्हणाल्या, एकेक कीर्तन चार-चार वेळा साठलंय, पण देवाची नावं बघून जास्तीच्या प्रती इथल्या कुणाला पुसवत नाहीत. मशीन भरून गेलंय. तुम्हाला निरोप द्यायची रीत ठाऊक आहे, उद्यापासून या.

आज जायचंय. डब्याबरोबर अक्षता नेऊ का गं? तिथल्या कीबोर्डाची धास्ती वाटते.
अशीच माया ठेव,
शालनकाकू