कोंडवाड्याची कडी

आबा, काल सगळ्यात आधी टपकली ती शेजारीण, न बोलावता. चहाचा वास तिला पार अंबडच्या स्टँडावरून बी येतो. तिच्या मागून धाकटी नात आली जालन्याहून, संगं तिची मैत्रीण. ती पोरगी फारशी अन् उर्दू भाषा शिकती म्हणे! मला लई नवल. दोघींला वरणफळं वाढली अन् मंग ट्रंकेतली तुमची कोंडवाड्याची वही काढली. दुसऱ्याच्या रानात शिरलेली ढोरं तुम्ही तिथं सांभाळायचा, त्याची ती वही, तवाच्या सरकारी रिवाजानं उर्दूत. मला उर्दू कुठं वाचता येतं? दुसरीतूनच शाळा सुटली, मराठी तेवढी गिरवता येते. पण तुम्ही गेल्यावर बी जपली मात्र बराबर.

त्या फारशीवाल्या पोरीनं बोट ठेवलं. "आजी, हर ओळीत 'जानवर' आहे. आपलं जनावर ते हेच. फारशीत जान म्हणजे जीव, वर म्हणजे असलेला. लई जुन्या फारशीत जीव असलेलं कुणीही यात यायचं, माणूससुद्धा."

शेजारीण म्हणती, "मंग मी बी जनावरच काय गं?"

"तुला तर मी कवाच ओळखलंय!" म्हणलं. हसून हसून पोरींचा चहा सांडला.

हसता हसता मला ती दुपार दिसली. मी तुमची आठेक वर्षांची लेक, भाकर खात बसलेली. तुम्ही विचारता, "ढोरांला पाणी दाखवलं का?" मी म्हणते, "दाखवते की, जनावरंच तर हायती." तुम्ही माझ्यापुढची भाकर उचलून फडक्यात बांधली. "आधी त्यांचं. जीव हाय त्यांला." बस, एवढंच. तुम्ही स्वतः बी ढोरं प्याल्याबिगर कधी घोटभर पाणी घेतलं न्हाई.

मंग दोनच दिवसांनी एक काळी म्हैस कोंडली. तिचं रेडकू भिंतीबाहेर हंबरून राह्यलं होतं. तुम्ही जेवायला घरी गेल्ता. परत आलात तर दार सताड उघडं, म्हैस न्हाई. तुमच्या वरच्या साहेबानं तुम्हाला चारचौघांत झापलं. मी आईच्या मागं लपले. तवापासून ते बोल माझ्याच पोटात बसलेत.

काल पोरीनं नेमकी तीच ओळ वाचली: "काळी म्हैस सुटून गेली. कडी लावायला मी विसरलो." आबा, तुम्ही तर कडी लावून दोनदा ओढून पाहणारे! तुम्हाला ठाऊक होतं ना?

हा कागद आता टपालाच्या कोणत्या पेटीत टाकायचा? वहीतच ठेवते. कडी मी काढली होती, आबा. पोरी पोळ्याला परत येतो म्हणाल्यात. त्या दिवशी तुमच्या ओळीखाली, तुमच्याच लिपीत, त्या पोरीकडून एवढं लिहून घेते.