जीप जॅकवर आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
जीपच्या पुढच्या उजव्या चाकातून घरघर येतेय. बेअरिंग गेलं. मेस्त्री म्हणाला, आणून टाका, संध्याकाळी घेऊन जा. मला हसू आलं. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतलीच मुळी स्वतःच्या हाताने उघडता यावी म्हणून. आजवर उघडली नाही, ती केवळ वेळ मिळाला नाही म्हणून.

लेक रविवारी नव्या नोकरीसाठी परगावी चाललीय. गादी, कपाट, पुस्तकं, सगळं जीपमधून मीच पोचवणार. मला ही नोकरी पसंत नाही, आणि माझी पसंती कुणी विचारलेली नाही. महिनाभर आमचं बोलणं ‘मीठ दे’च्या पुढे गेलेलं नाही. रस्ता पाच तासांचा. तेवढ्यात सगळं शांतपणे समजावेन. दुरुस्तीला एक दिवस, फार तर दीड.

४ नोव्हेंबर
चाक निघालं. हबच्या मोठ्या नटाला खास पाना लागतो. छिन्नी-हातोडीने हे कधीच करू नका, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला. त्याला काय, त्याच्याकडे पाना होता. नट निघाला. अंगठ्याचं नखही.

बायकोने पट्टी बांधली आणि मेस्त्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवला. असले टोमणे मी मनावर घेत नाही.

५ नोव्हेंबर
जुनं बेअरिंग जेवणाच्या टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवलं. लेकीने विचारलं, ताटं कुठे ठेवायची? आजच्या पिढीला जिज्ञासा नाही.

नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून भरायचं असतं. भरलं. थोडं दाराच्या मुठीवर, रिमोटवर आणि लेकीच्या ऑफिसच्या नव्या बॅगेवरही गेलं. बॅगेवरून राईचा पर्वत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
झालं! चाक लोण्यासारखं फिरतंय. गल्लीत फेरी मारली, घरघर बंद. लेक बाहेर आली, हसली आणि लगेच खोके आणून मागे ठेवायला लागली. एक, दोन, तीन.

चौथ्या खोक्याला मला शंका आली की नट जरा जास्तच आवळला गेलाय. तसं झालं तर बेअरिंग तापतं. लांबचा रस्ता, जिवाशी खेळ नको. खोके उतरवायला लावले. परत उघडतो. अर्ध्या तासाचं काम.

८ नोव्हेंबर
नट ठीकच होता. पण उघडलंच आहे, तर ग्रीस आत अडवणारं सीलही बदलावं. जुनं सील तसं चांगलं आहे, पण ‘तसं चांगलं’ माझ्या तत्त्वात बसत नाही. दुकान आज-उद्या बंद. सोमवारी सील, मंगळवारी निघू. नोकरी काय पळून जातेय?

बायको गॅरेजमध्ये चहा ठेवायला आली. मग म्हणाली, “जीप जॅकवर राहिली म्हणजे पोरगी घरात राहील, असं वाटतं का तुम्हाला?”

तिला यंत्रातलं काही कळत नाही. नंतर मला जेवण गेलं नाही. ग्रीसच्या वासाने असेल.

९ नोव्हेंबर, सकाळ
मेहुणा त्याची चिमुकली गाडी घेऊन हजर. स्टेपनी कुठे असते हे ज्याला ठाऊक नाही, तो माझ्या लेकीला पोचवणार! गादी टपावर बांधली, कपाट राहिलं. मी जीपखाली होतो. घरात कुणीतरी काम करायला हवं.

लेक वाकून म्हणाली, “बाबा, निघते. जरा बाहेर या ना.”

माझे हात ग्रीसने माखलेले, तिचे कपडे नवे. खालूनच सांगितलं, पोचलीस की फोन कर. तिचे बूट थोडा वेळ तिथेच दिसत होते. मग गेले.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
जुनंच सील बसवलं. चहा निवायच्या आत काम झालं. एकटाच हायवेपर्यंत जाऊन आलो. चाक थंड, आवाज नाही. काम फर्स्ट क्लास.

लेकीचा फोन आला. पोचली, खोली बरी आहे. मी तिला नट, सील, ग्रीस, सगळं सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग शुक्रवारी काय बिघडलं होतं, बाबा?”

म्हटलं, काही नाही. जीप शुक्रवारीच तयार झाली होती.